लाकडाची ऊब आणि धुराचा हिशेब

इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियापर्यंत थंड प्रदेशांतल्या कितीतरी घरांत हिवाळा आला की लाकडाची शेगडी पेटते. लाकूड पुन्हा उगवतं, म्हणून ही ऊब पर्यावरणाला पोषक आहे, असं अनेकजण मनापासून मानतात. या ऊबेबद्दलचे काही समज तपासून पाहायलाच हवेत.

गैरसमज १ : लाकडाचा धूर नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी.
वस्तुस्थिती : घरातल्या शेगडीत लाकूड कधीच पूर्ण जळत नाही. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि २.५ मायक्रॉनहून बारीक कण हवेत मिसळतात. हे कण थेट फुप्फुसांत खोलवर जातात, काही रक्तातही उतरतात आणि दमा, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

गैरसमज २ : झाड पुन्हा उगवतं, म्हणजे कार्बनचा हिशेब फिटला.
वस्तुस्थिती : तेवढ्याच उष्णतेसाठी नैसर्गिक वायूच्या तुलनेत लाकडातून सुमारे दुप्पट कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो शोषून घ्यायला नव्या झाडाला काही दशकं लागतात. लाकूड मात्र एकाच संध्याकाळी जळून जातं.

गैरसमज ३ : नवी शेगडी आणि सुकं लाकूड असलं की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : ओल्या लाकडाचा धूर फार, म्हणून २० टक्क्यांहून जास्त ओलाव्याच्या सरपणाच्या कमी प्रमाणातल्या विक्रीवर इंग्लंडने २०२१ मध्ये बंदी आणली. ते योग्यच झालं. पण धूर कमी होणं म्हणजे थांबणं नव्हे. नव्या निकषांत बसणारी शेगडीसुद्धा गॅसवरच्या हीटिंगपेक्षा कित्येक पट जास्त सूक्ष्म कण सोडते.

गैरसमज ४ : धुराडं उंच आहे, धूर वर निघून जातो.
वस्तुस्थिती : दरवेळी तसं होत नाही. उदाहरणार्थ, टास्मानियातलं लॉन्सेस्टन शहर खोऱ्यात वसलं आहे. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर खालीच कोंडतो. मग तो शेगडी नसलेल्या घरांतही शिरतो.

गैरसमज ५ : शेगड्या बदलून काय फरक पडणार?
वस्तुस्थिती : याच लॉन्सेस्टनमध्ये २००१ पासून लाकडाच्या शेगडीऐवजी विजेचा हीटर घ्यायला अनुदान मिळालं, जोडीला लोकजागृती झाली. शेगडी वापरणारी घरं ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली. हिवाळ्यात हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण सरासरी घनमीटरमागे ४४ वरून २७ मायक्रोग्रॅमवर उतरले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथले हिवाळ्यातले हृदयविकाराचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी आणि श्वसनविकाराचे २८ टक्क्यांनी घटले. अशी मोहीम न झालेल्या, टास्मानियातल्याच होबार्ट शहरात तशी ठळक घट दिसली नाही.

ज्यांच्याकडे दुसरी सोय नाही, त्यांना दोष देऊन हवा स्वच्छ होणार नाही. त्यांना परवडेल असा पर्याय आधी द्यावा लागतो. ज्यांच्या घरात तो आजच आहे आणि शेगडी केवळ हौसेपोटी पेटते, त्यांनी ती विझवावी. त्या धुराची किंमत शेजारची मुलं आणि म्हातारी माणसं मोजत असतात.