उंदीर आणि शिवसुमन

जुन्नर-आंबेगावच्या उसात उंदीर कमी नाहीत. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी अनेक पिल्लं देते आणि ती पिल्लंही काही आठवड्यांत वयात येतात. खायला ऊस, धान्य, कचरा, काहीही चालतं. शिवाय माणूस जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जायची तयारी!

आता शिवनेरीचे कडे पाहा. तिथल्या कपारींत वाढतं शिवसुमन, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1860च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्यावरून ते ठेवलं. मांसल खोड, पावसाळ्यात पानं आणि पिवळसर ठिपक्यांची जांभळट-तांबडी फुलं. उन्हाळ्यात पानं गळून नुसतं खोड उरतं.

पण उंदरासारखं ते पसरत नाही. खरी अडचण परागीभवनाची आहे. याचे पराग सुटे उडत नाहीत, त्यांचे गोळे असतात. ते माशीच्या अंगाला अडकून दुसऱ्या फुलात नेमक्या खाचेत बसावे लागतात. जमलं तर शेंग धरते, केसाळ बिया वाऱ्यावर निघतात. पण त्यातली एखादी दगडाच्या ओलसर फटीत पडली तरच पुढचं रोप. उंदराला सगळा तालुका मोकळा, याला मात्र एवढीशी फट. त्यात कड्यावर वणवा, चराई, दरड!

गंमत म्हणजे खोडाचा तुकडा लावला की शिवसुमन कुंडीत सहज रुजतं. परदेशातल्या शौकिनांकडेही ते आहे. दुर्मीळ आहे ते कड्यावर.