७२ तासांची वाट

अत्याचार झालेल्या स्त्रीला उपचार, दिलासा आणि न्याय एकाच दारात मिळावा, अशी व्यवस्था कागदावर आहे. आदिवासी पाड्यापासून ते दार किती लांब आहे, यावर मात्र पुढचं सगळं ठरतं.

भामरागड ते गडचिरोली हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्कच तुटतो. अशा तालुक्यातल्या, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एखाद्या टोल्यावर काय घडत असेल, याची कल्पना करून पाहा. आठवडी बाजाराहून परतताना एका तरुण बाईवर अत्याचार होतो. पहिली रात्र घरात, कुणाशी काही न बोलता जाते. दुसऱ्या दिवशी आईला कळतं, मग गावातल्या जाणत्यांची बैठक बसते. तिसऱ्या दिवशी ती चालत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचते. ‘ही पोलीस केस आहे, तालुक्याला जा,’ असं तिला सांगितलं जातं. तालुक्याला महिला डॉक्टर रजेवर असतात, ‘जिल्ह्याला जा.’ जिल्हा रुग्णालयात तिची तपासणी सुरू होते तेव्हा घटनेला ८० तास उलटलेले असतात.

या साखळीत तिला कुणीही हाकलून दिलेलं नाही. प्रत्येकाने फक्त पुढे पाठवलं. पण तेवढ्यात तिच्या हातून जे जायचं ते निघून गेलं.

घड्याळ काय सांगतं?

लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी द्यायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर सर्वांत चांगलं. ती २८ दिवस न चुकता घ्यायची असतात. नको असलेली गर्भधारणा टाळणारी लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळीही पहिल्या ७२ तासांत द्यावी. पाच दिवसांपर्यंत ती देता येते, पण जितका उशीर तितका तिचा उपयोग कमी. त्यासोबत धनुर्वाताचं इंजेक्शन, ब प्रकारच्या काविळीची लस आणि लैंगिक आजारांवरची प्रतिजैविकं द्यायची असतात. शरीरावरून पुराव्याचे नमुने घेण्यासाठी साधारण ९६ तासांची मुदत धरली जाते.

म्हणजे ८० तासांनी पोहोचलेल्या बाईच्या बाबतीत एक दार बंद झालेलं असतं आणि दोन दारं बंद होत आलेली असतात. तरीही तिला ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठवणं चूकच. जखमांवर उपचार, गर्भ आणि लैंगिक आजारांची तपासणी, मानसिक आधार आणि तिच्या सांगण्याची नोंद यांना मुदत नसते.

मुळात ‘पुढे पाठवण्या’ची गरज आहे का? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली लैंगिक अत्याचारानंतरच्या वैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार पोलिसांचं पत्र नसलं तरी बाईवर उपचार करता येतात आणि तपासणीही. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ती करू शकतो. महिला डॉक्टर असतील तर उत्तम. नसतील तर सज्ञान स्त्रीची तपासणी पुरुष डॉक्टरने महिला परिचारिकेच्या उपस्थितीत करावी, पण खोळंबा करू नये. मुलींच्या बाबतीत मात्र पॉक्सो कायदा महिला डॉक्टरचा आग्रह धरतो. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा स्त्रीवर मोफत उपचार करणं बंधनकारक आहे. टाळाटाळ केल्यास शिक्षा आहे.

याच मातीतला धडा

या विषयाचा एक धागा गडचिरोलीशीच जोडलेला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप झाला. तिचं नाव खटल्यामुळे देशभर झालं. ते इथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. वैद्यकीय अहवालावरून निघालेला ‘संबंधांची सवय’ हा मुद्दा सत्र न्यायालयात तिच्या विरोधात गेला. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. पण ‘अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत’ हा मुद्दा धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

डॉक्टरांसाठी यातला धडा साधा आहे. भीतीने गोठलेली व्यक्ती प्रतिकार करत नाही, त्यामुळे अंगावर जखम नसणं हा अत्याचार न झाल्याचा पुरावा नव्हे. ‘दोन बोटांची चाचणी’ तर अशास्त्रीय आहेच. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरीही जुने छापील नमुने एखाद्या दवाखान्याच्या कपाटात पडलेले असतात. ते कपाट रिकामं करणं, हे सेवा चालवणाऱ्याचं पहिलं काम.

कपाटात काय हवं?

२००० साली मुंबईतल्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी सरकारी रुग्णालयातच समुपदेशन मिळावं, ही कल्पना तिथे रुजली. २०१५ पासून देशभर ‘वन स्टॉप सेंटर’ म्हणजे सखी केंद्रं उघडली गेली. उपचार, पोलीस मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छपराखाली, अशी ही योजना. पण ही केंद्रं बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. शहरातली बाई रिक्षाने तिथे पोहोचते. पाड्यावरच्या बाईला एसटी पकडण्याआधीच काही कोस चालावं लागतं.

म्हणून आदिवासी जिल्ह्यात ही सेवा चालवायची तर गणित उलटं मांडावं लागतं. बाईला केंद्राकडे आणण्याऐवजी केंद्राचा पहिला भाग तिच्या जवळ न्यावा लागतो. आशा आणि एएनएम यांनी ओळखायचं आणि सोबत करायची. प्राथमिक आरोग्य केंद्राने किंवा ग्रामीण रुग्णालयाने पहिला डोस द्यायचा, तपासायचं, नोंदायचं. समुपदेशक, वकील आणि निवारा जिल्ह्याकडे.

यासाठी लागणारं सामान फार नाही: गोळ्या, एचआयव्ही प्रतिबंधक औषधांचे सुरुवातीचे डोस, तपासणीचा संच, संमतीचे नमुने, कागदी पाकिटं आणि लाख. नमुने सावलीत वाळवून कागदातच ठेवायचे असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा कुजतो. कुणी, कधी, कुणाच्या ताब्यात दिलं याची वही हवी. आणि एक वस्तू नेहमी विसरली जाते, ती म्हणजे कपड्यांचा एक स्वच्छ जोड. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतल्यावर ती घरी काय नेसून जाणार, हा प्रश्न यादी करणाऱ्याला सुचत नाही. तिला मात्र तोच आधी पडतो.

शब्द कुणाचे?

माडिया, गोंडी, कोरकू, पावरी, वारली. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागात मराठी ही पुष्कळ बायकांची दुसरी भाषा असते, काहींची तर तीही नसते. अशा वेळी वॉर्डातल्या एखाद्या मावशीला दुभाषी म्हणून उभं केलं जातं. ती मावशी आरोपीच्या सोयरिकीतली निघाली तर? किंवा संध्याकाळी तीच त्या गावी परतणार असेल तर? छोट्या समाजात गुप्तता ही सर्वांत महाग वस्तू असते. म्हणून दुभाषी स्त्रिया आधीच निवडून, शिकवून ठेवाव्या लागतात, आणि शक्यतो दुसऱ्या टापूतल्या. पोलीस किंवा नातेवाईक यांना दुभाषी करायचं नाही. डॉक्टरने ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या शब्दांत सुधारून नव्हे.

पोलिसांना कळवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. तक्रार द्यायची की नाही हे मात्र सज्ञान स्त्रीने ठरवायचं. ती नको म्हणाली तर तसं समजावून, लिहून घ्यायचं; उपचार थांबवायचे नाहीत.

पंचांची बैठक आणि बाईचं म्हणणं

अनेक ठिकाणी असं प्रकरण आधी पंचांपुढे जातं. दंड ठरतो, पैसे घरातल्या पुरुषाच्या हाती जातात आणि प्रकरण मिटलं असं मानलं जातं. जिच्यावर प्रसंग ओढवला तिला कुणी विचारत नाही. बलात्काराचा गुन्हा दंडाने मिटत नाही, हे ठामपणे सांगायलाच हवं. पण बाहेरून येऊन ‘तुमचा समाजच मागास’ असं म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आणि ते खरंही नाही. जोडीदार निवडण्याचं, नवरा सोडण्याचं, पुन्हा संसार मांडण्याचं जे स्वातंत्र्य अनेक आदिवासी समाजांत स्त्रीला आहे, ते शहरातही सगळ्यांना मिळत नाही. शिवाय अत्याचार करणारा दर वेळी गावातलाच असतो असंही नाही. देसाईगंजचं प्रकरण पोलीस ठाण्यातलं होतं. पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. त्या ग्रामसभेत बायका बोलू लागल्या तर केंद्राचं अर्धं काम गावातच होतं.

सातपुड्याच्या काही भागात बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे. ती बाईसुद्धा या सेवेची हक्कदार आहे. त्यात आरोग्य खात्यासाठी एक आरसाही आहे. मूल तापाने दगावतं, कारण कुणी सांगत नाही, डॉक्टर भेटत नाही. मग कारण शोधलं जातं आणि ते एखाद्या एकट्या विधवेच्या दारात जाऊन थांबतं. जिथे उपचार वेळेवर पोहोचतात, तिथे असा संशय धरायला जागा कमी उरते.

आणखी एक पेच अल्पवयीन गरोदर मुलींचा. काही मुली स्वखुशीने जोडीदारासोबत राहतात, पण १८ वर्षांखालील गरोदरपण कळलं की पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक. नवऱ्याला पकडतील या भीतीने मुलगी दवाखान्यातच येत नाही. रक्तक्षय, रक्तदाब कुणी तपासत नाही आणि बाळंतपण घरीच होतं. गर्भपात हवा असल्यास, मुलीच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना द्यायच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. पण गरोदरपण पुढे न्यायचं असलेल्या मुलीचा प्रश्न सुटलेला नाही. जबरदस्ती झालेली मुलगी आणि राजीखुशीने राहणारी मुलगी, दोघी एकाच रांगेत उभ्या असतात. त्यांच्याशी एकट्याने, शांतपणे बोलल्याशिवाय फरक कळत नाही.

तपासणीनंतरचे सहा महिने

खरी कसोटी पुढे असते. २८ दिवसांच्या गोळ्या पूर्ण करायच्या, पुन्हा रक्त तपासायचं, झोप उडाली आहे का, जेवण सुटलं आहे का ते पाहायचं. पाड्यावर फोन लागत नाही आणि गाडी दारात गेली की गावभर चर्चा. अशा वेळी पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी द्यावी. बाजाराला निघालेल्या बाईला कुणी ‘कुठे चाललीस’ विचारत नाही.

पैशाचाही प्रश्न असतो. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे; तिचं अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं. आरोपी आदिवासी किंवा दलित समाजाबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने मदत मिळते आणि तारखांना येण्याजाण्याचा खर्चही. बलात्काराच्या प्रकरणात तिचा पहिला हप्ता वैद्यकीय तपासणी आणि अहवालाशी जोडलेला आहे. म्हणजे डॉक्टरचा अहवाल रखडला, तर बाईचे पैसे रखडतात. जातीचा दाखला, बँकेचं खातं, आधार यांसाठी तिच्यासोबत एक माणूस फिरावा लागतो. ही कामं सामान्यतः कंत्राटी समुपदेशक करते. रोज तीच दुःखं ऐकून तीही थकते. तिला रजा, तिच्याशी बोलणारं कुणी आणि वेळेवर पगार, हा सेवेचाच भाग आहे.

शेवटी यश कशाने मोजायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, हिंसा सोसलेल्या देशभरातल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. तेव्हा ‘आमच्या तालुक्यात वर्षभरात एकही प्रकरण नाही’ ही अभिमानाची गोष्ट नव्हे. चांगली सेवा सुरू झाली की आकडा आधी वाढतो. वरिष्ठांनी त्याचा जाब विचारू नये. कारण वाढलेल्या आकड्यातली प्रत्येक बाई म्हणजे ७२ तास संपण्याआधी दारात पोहोचलेली, आणि ‘बरं केलंस, आलीस’ हे शब्द ऐकायला मिळालेली एक बाई असू शकते.

हे लक्षात ठेवा

• महिला मदतवाहिनी १८१, बालकांसाठी १०९८, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.
• आधी दवाखाना गाठा. उपचारासाठी पोलिसांच्या कागदाची वाट पाहू नका.
• शक्य असल्यास तपासणीआधी आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. धुतले असतील तरी ते घेऊन नक्की जा.
• बलात्काराचा गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. घटना कुठल्या हद्दीत घडली यावरून परत पाठवता येत नाही.
• पीडितेचं नाव, गाव, शाळा किंवा फोटो कुणालाही पाठवू नका. तो गुन्हा आहे.