गॅसवर नफा, पाण्यावर नाही

उद्योजकाच्या हाती शहर दिले की कारभार सुधारतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. व्यापाऱ्याचे लक्ष शेवटी गल्ल्यावरच, असे म्हणणारेही तितकेच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांची कारकीर्द या दोन्ही मतांत मावत नाही. १८५४ मध्ये, अठराव्या वर्षी, ते लंडनहून या शहरात आले ते स्क्रूच्या कारखान्यात काम करायला. तोवरच्या स्क्रूला टोक नसे. आधी लाकडात भोक पाडायचे, मग तो पिळायचा. टोकदार स्क्रू काढणाऱ्या अमेरिकी यंत्राचे हक्क त्यांच्या आत्याच्या यजमानांनी घेतले होते आणि त्यात चेंबरलेन यांच्या वडिलांचा पैसा होता. वीस वर्षांत हा कारखाना देशातल्या स्क्रूंच्या बाजारावर हुकमत गाजवू लागला. १८६९ मध्ये चेंबरलेन नगर परिषदेत निवडून आले, नोव्हेंबर १८७३ मध्ये महापौर झाले आणि पुढच्याच वर्षी धंद्यातून बाहेर पडले.

शहरात दोन गॅस कंपन्या होत्या आणि दोघींचे नळ त्याच रस्त्यांखालून जात. चेंबरलेन यांनी कर्ज काढून, सुमारे २० लाख पौंडांना, दोन्ही विकत घेतल्या. पहिल्याच वर्षी ३४,००० पौंड नफा झाला. घरपट्टी वाढवायला नगरसेवक तयार नसत, त्यामुळे हे उत्पन्न शहराच्या कामाला आले. मग साडेतेरा लाखांना पाणीपुरवठा घेतला, तेव्हा हिशेब वेगळा का मांडला? गरीब वस्तीतल्या उथळ विहिरींत शौचकूपांची घाण झिरपत होती. पाणी महाग झाले तर माणसे त्याच विहिरींकडे परतणार. म्हणून पाण्यावर नफा नको, काही शिल्लक उरलीच तर दर उतरवा, असा त्यांचा आग्रह होता. मला त्यांची खरी थोरवी इथेच दिसते. मक्तेदारी किती कमावून देते हे त्यांना कारखान्यात कळले होते, आणि म्हणूनच ती कुठे वापरू नये हेही.

सर्वांत सबळ आक्षेप आहे तो कॉर्पोरेशन स्ट्रीटबद्दल. १८७५ च्या कायद्याचा आधार घेऊन शहराच्या मध्यावरची कोंदट घरे पाडायचे ठरले आणि तिथे दुकानांचा रुंद रस्ता झाला. त्या भागातला मृत्युदर हजारी ५३.२ वरून काही वर्षांत २१.३ वर आला, असे समर्थक सांगतात. आकडा मोठा आहे, पण राहणारी माणसेच हलवली तर दर उतरणारच. त्याचे सगळे श्रेय योजनेला देता येत नाही. उठवलेल्यांसाठी नगर परिषदेने तेव्हा घरे बांधली नाहीत, ही उणीव झाकण्याजोगी नाही. तरी जागा विकून टाकली, हा आरोप मात्र चुकीचा आहे. भूखंड ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले होते. मुदत संपताच जमीन इमारतींसह शहराकडे परत यायची होती. मालमत्ता जपण्याची ही नजर कसलेल्या व्यापाऱ्याची होती. घर पाडले गेलेल्या कुटुंबाला मात्र त्याच हिवाळ्यात छप्पर हवे होते.