पोटापाण्याचे धंदे वेगळे

यंदाच्या वाचनाला वळण लागलं ते दोन निधनवार्तांमुळे. २०२५च्या २० मेला जयंत नारळीकर गेले आणि महिना उलटायच्या आत, १८ जूनला, मारुती चितमपल्ली. दोघांची पुस्तकं कपाटात होतीच. ती खाली उतरवली आणि मग एकातून दुसरं निघत गेलं. आता मागे वळून पाहिलं तर यातले बहुतेक जण पोटासाठी भलतंच काही करणारे.

नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. ‘यक्षांची देणगी’ पुन्हा वाचताना पात्रं पुठ्ठ्याची वाटली. कल्पना मात्र अजून करकरीत आहेत. चितमपल्लींच्या ‘चकवाचांदण’चं उलट. तिथे नवेगावबांधचं तळं, पाखरं, जंगलातली माणसं सगळं जिवंत. फक्त ऐकीव गोष्टही ते डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात, तिथे मी जरा बिचकतो.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’पाशी. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरच्या कर्जापायी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघाला आणि नेमका १८५७च्या धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हे शहरातच. इतिहासकार सैन्याच्या हालचाली सांगतात. भटजी लुटीचा क्रम सांगतात. आधी सोनं-चांदी गेली, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, धान्य. मिळवलेली दक्षिणाही वाटेत लुटली गेली. तरी गडी आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणतो! चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे छापलं ते बरेच फेरफार करून. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर काढली; वाचायची तर तीच वाचावी.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हे कितव्यांदा, ते विचारू नका. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, उपासमार सांगते आणि तरी पानापानावर हसवते. नवऱ्यावर तिचा जीव आहे, पण त्याची एकही लहर ती झाकत नाही. आत्मचरित्राचा हा सूर मराठीत पुन्हा कुणाला लागला नाही, असं माझं मत आहे. बदलायची तयारी फारशी नाही.

इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ मात्र अर्ध्यावर ठेवलंय. कंटाळून नव्हे, कुंतीवरचा लेख वाचल्यावर मूळ महाभारत उघडावंसं वाटलं आणि तिथेच अडकलो.

या सगळ्यांत वेगळे ते बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस! रद्दीवाल्याकडे मिळालेला ‘झुंजार’ एका बैठकीत संपवला. कोणी कोणाला कशासाठी मारलं, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. पण पुस्तक हाती नुसतं पडायचा अवकाश, पुढची पानं आपोआप उलटतात, हे वर उल्लेखलेल्या किती जणांना जमलंय? ढिगातले अजून दोन ‘काळापहाड’ शिल्लक आहेत. महाभारत तोवर थांबेल.