शेण तपासणी ‘निल’, तरी यकृतात फ्लूक असू शकतो



पाऊस उघडला की इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठच्या भातपट्ट्यात आणि निफाडकडे नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळ काठाला हिरवा चारा मुबलक असतो. तरी एखादी म्हैस खाते पण अंगी लागत नाही, दूध आटतं, पापणी उलटून पाहिली तर आतून पांढुरकी, जबड्याखाली पाण्याची सूज. शेण तपासलं तर रिपोर्ट निल. मग आपण म्हणतो, जंत नाहीत.

इथेच फसगत होते. लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतातला चपटा, पानासारखा जंत. त्याची पिल्लं आधी पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, मग गवताला आणि भाताच्या बुडख्याला चिकटून बसतात. चाऱ्याबरोबर पोटात गेली की आतडं भेदून यकृतात शिरतात आणि ते पोखरत पुढे सरकतात. अंडी घालायला लागेपर्यंत साधारण तीन-चार महिने जातात. तोवर शेणात दिसणार काय?

बरं, एवढे दिवस जनावराचं शरीर गप्प का बसतं? याचं उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत थोडंफार हाती लागलंय. जंत आपल्या अंगातून अतिसूक्ष्म पिशव्या सोडतो. इतक्या बारीक, की एका मिलिमीटरमध्ये दहा हजार ओळीने मावतील. त्यांत जंताची प्रथिनं आणि आरएनएचे तुकडे असतात. २०१२ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या फ्लूकच्या भावकीतल्या जंतावर हे दाखवलं. आतड्याच्या पेशी या पिशव्या चक्क आत घेतात. २०१४ मध्ये एडिनबरोच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या आतड्यातल्या जंतावर पाहिलं, की पिशवीतला माल पेशीत शिरून प्रतिकारच मंदावतो. चोरानं राखणीच्या कुत्र्याला भाकरी टाकावी, तसलाच हा प्रकार.

२०१७ मध्ये त्याच पिशव्यांची लस उंदरांना दिली, तर जंत बरेच कमी झाले. बातमी चांगली आहे, पण उंदरापासून म्हशीपर्यंतचा रस्ता लांब आहे. फ्लूकची लस आज बाजारात नाही, कुणी विकायला आलाच तर घेऊ नका.

मग आपल्या हातात काय? नमुना देताना “फ्लूकसाठी बघा” असं मुद्दाम सांगा. ही अंडी जड असतात, शेण पाण्यात कालवून तळाशी बसवून बघावी लागतात. निल आलं आणि लक्षणं असतील तर डॉक्टरांना जनावर कुठे चरतं ते सांगा. शेणापेक्षा तीच माहिती जास्त कामाची. *आयव्हरमेक्टिन फ्लूकवर चालत नाही.* ऑक्सिक्लोझानाईड मुख्यतः मोठ्या फ्लूकवर चालतं, पिल्लं मागे राहतात. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांवरही चालतं, पण दुभत्या जनावराला मनाने पाजू नका. आणि औषधानं आतले मरतात. पुन्हा त्याच पाणथळ गवतावर सोडलं की नवे शिरतात. म्हणून पाणी वरच्या हौदात पाजा, बुडख्याकडचा ओला चारा टाळा, भाताचा पेंढा नीट वाळवून मगच घाला.

डॉक्टर हवे असतील तर १९६२ वर फोन लावा. औषध दिल्यावर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, ते त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, इंदिरानगर, नाशिक