कोर्स संपायची वाट कशाला? मिसुरीच्या पत्रकारिता शाळेकडून दुकानदाराने घ्यायच्या गोष्टी

एप्रिल-मे आला की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "सर, सुट्टीत डिजिटल मार्केटिंगचा कोणता कोर्स करू?" फी किती म्हणून विचारलं, तर काही जण पंधरा-वीस हजार सांगतात. अहो, तेवढ्यात तुमचा पहिला माल भरता येतो! म्हणून पैसे भरण्याआधी एका शाळेची पद्धत बघून घ्या. शाळा पत्रकारितेची आहे, पण कामाची आहे.

अमेरिकेत मिसुरी राज्यात कोलंबिया नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेची शाळा काढली. १४ सप्टेंबरला वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या पेपरचा पहिला अंक निघाला. म्हणजे बघा, आधी पुस्तक संपवा आणि मग छापा, असा प्रकारच नाही. शिकणं आणि काम एकाच दिवशी सुरू.

तो पेपर आज 'कोलंबिया मिसुरियन' नावाने चालतो. हे कॉलेजचं भित्तिपत्रक नव्हे, शहराच्या बातम्या देणारा पेपर आहे. बातमीदार विद्यार्थी, आणि त्यांच्या डोक्यावर अनुभवी संपादक. विद्यापीठाच्या मालकीचं 'केओएमयू' हे टीव्ही केंद्रही आहे, तेही १९५३ पासून. जाहिरात शिकणारी मुलं 'मोजो अ‍ॅड' नावाची एजन्सी चालवतात आणि खऱ्या ग्राहकांसाठी मोहिमा तयार करतात.

आता उन्हाळ्याचं. शहराला सुट्टी नसते, त्यामुळे बातमीलाही नसते. न्यूजरूम उन्हाळ्यातही चालू राहते. शिवाय शाळेला जोडलेली रेनल्ड्स पत्रकारिता संस्था उन्हाळ्यात काही विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या न्यूजरूममध्ये डिजिटल कामासाठी पाठवते. तिथे कुणी नुसत्या स्लाइड दाखवत बसत नाही. खरा वाचक समोर असतो आणि वेळेत काम द्यावं लागतं.

हेच तुमच्याकडे आणा. समजा, तुमचं घरगुती वाळवण आहे. कुरडया, पापड, सांडगे. सीझन दोन महिन्यांचा. कोर्स जूनमध्ये संपला तर तोवर पाऊस आलेला असेल, मग काय विकणार? त्यापेक्षा रोज संध्याकाळी सहाची वेळ ठरवा. सहा वाजता एक पोस्ट गेलीच पाहिजे. चीक शिजवतानाचा व्हिडिओ, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो, काहीही चालेल. खाली चार गोष्टी लिहायच्या : काय आहे, किती ग्रॅम, किती रुपये, कधी मिळेल. ग्राहक आधी तेच शोधतो. "परंपरेची चव, प्रेमाची साथ" वगैरे नंतर, जागा उरली तर.

पण संपादक कुठून आणायचा? घरातूनच. मिसुरियनमध्ये बातमी जाण्याआधी त्यातली माहिती संबंधित माणसाला पुन्हा विचारून तपासायची शिस्त आहे. तुम्हीही पोस्ट टाकण्याआधी ज्यांनी माल बनवला त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. सासूबाई लगेच म्हणतील, "अगं, यात साबुदाणा आहे, नुसता तांदूळ कुठं लिहिलास?" उपवासाचं गिऱ्हाईक असेल तर हा फरक फार मोठा असतो.

ही तपासणी मला फोटो-एडिटिंगपेक्षा महत्त्वाची वाटते. "शंभर टक्के ऑरगॅनिक", "शुगर पूर्ण बरी होते" असले दावे लोक सर्रास लिहितात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. धंदा छोटा आहे म्हणून खोटं चालतं, असं समजू नका. ज्याचा पुरावा दाखवता येत नाही ते लिहायचंच नाही.

कोर्स वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. महिनाभर रोज पोस्ट टाकल्यावर नेमकं कुठे अडतं ते कळेल. कुणाचं ऑडिओत अडतं, कुणाचं पैसे देऊन जाहिरात लावण्यात. मग तेवढंच शिका, फीही कमी लागेल.

आणि एक गंमत. चुका दाखवणाऱ्या वाचकांसाठी मिसुरियनने स्पर्धाही ठेवली होती. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करून बघा : दरपत्रकात चूक दाखवेल त्याला पापडाचं पाकीट फुकट. शंभर ग्रॅमचं चालेल.