साखरेला नुसतं भोक पुरत नाही

ई. कोलायच्या आउटर मेम्ब्रेनमधली पोरिन म्हणजे पाण्याने भरलेली नळी, साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू त्यातून डिफ्युजनने आत जातात, हे तुम्ही एमएस्सीला वाचलेलं असतं. मग हे बघा: माल्टोज आणि सुक्रोज, दोघांचं रेणुसूत्र एकच, वस्तुमान ३४२ डाल्टन. तरी लॅम-बी नावाच्या चॅनेलमधून माल्टोज भराभर जातं आणि सुक्रोज कसंबसं. असं का?

लॅम-बीची स्फटिकरचना १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. (नाव लॅम्डा फाजवरून पडलंय, तो पेशीला चिकटताना हेच प्रथिन धरतो.) तीन नळ्या एकत्र, प्रत्येक नळी १८ बीटा-पट्ट्यांची. नळीच्या आत एका बाजूने सहा अॅरोमॅटिक अमिनो आम्लांची रांग आहे. तिला 'ग्रीझी स्लाइड' म्हणतात, आपण तेलकट घसरगुंडी म्हणू. साखरेच्या कड्याची पाणी टाळणारी बाजू या रांगेला टेकते आणि तिचे हायड्रॉक्सिल गट आसपासच्या भारित अमिनो आम्लांशी हायड्रोजन बंध करतात. एक बंध सुटतो तोवर पुढचा जुळतो. ग्लुकोजच्या साखळीचा पीळ या वाटेला बरोबर बसतो. सुक्रोज मात्र अरुंद जागेपाशी अडतं.

इथे एटीपी वगैरे काही लागत नाही. साखर उतारावरूनच जाते. पेरिप्लाझममधलं माल्टोज-बाइंडिंग प्रथिन ती पकडून ठेवतं, म्हणून उतार टिकतो. बाहेर साखर भरपूर असेल तर लॅम-बीची उणीव फारशी जाणवत नाही. ती अगदी कमी असते तेव्हा खरी गरज कळते.

आता शोधनिबंध वाचताना जिथे हमखास घसरायला होतं ती जागा. कृत्रिम लिपिड पटलात लॅम-बी बसवून आयनांचा विद्युतप्रवाह मोजतात. साखर घातली की प्रवाह घटतो, कारण ती वाट अडवते. या आकड्यांतून बाइंडिंग किती घट्ट ते कळतं. पण साखर पलीकडे गेली की आली त्याच तोंडाने परत फिरली, हे नुसत्या प्रवाह घटण्यातून कळत नाही! त्यासाठी लायपोसोम फुगण्याचा प्रयोग असतो: साखर आत शिरते, मागोमाग पाणी, लायपोसोम फुगतात आणि द्रावणाचा गढूळपणा उतरतो. लुकी आणि निकाइडो यांनी १९८० मध्ये माल्टोज-सुक्रोजमधला फरक असाच मोजला होता. तेव्हा निबंधात 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द दिसला की आधी पद्धतीचा विभाग उघडा आणि मोजलंय काय ते बघा.